कंट्रोल, ऑल्ट आणि एल

रेकॉर्डसाहेब सकाळचा फेरफटका मारून घरी आले, दाराशी बूट काढले आणि बाहेरच्या खोलीत पाऊल टाकताच जागच्या जागी थबकले. कॉम्प्युटरवर मेलची खिडकी उघडी होती. जाताना त्यांनी ती स्वतःच्या हातानं बंद केली होती. नुसती बंद केली नव्हती, तर बंद झाली आहे ना हे चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं होतं.

"अगं, कोणी आलं होतं का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"कोण येणार?" आतून बायको म्हणाली.

हे उत्तर आहे की प्रश्न, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ते खुर्चीत बसले. पेटीत सर्वांत वर पेन्शन कार्यालयाचा नवा मेल होता. न वाचलेला मेल ठळक अक्षरात दिसतो आणि वाचला की बारीक होतो, एवढं ज्ञान त्यांना होतं. हा मेल बारीक होता. त्यांनी तो वाचलाच नव्हता.

माणसानं चौतीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढली असली, की 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देणं त्याला जमत नाही. आपण बांधलेल्या फायलीची गाठ दुसऱ्यानं सोडून परत बांधली तर ती दुरून ओळखणारा हा माणूस. इमारतीत त्यांना खऱ्या नावानं कोणी ओळखतही नसे. सगळे रेकॉर्डसाहेबच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. त्यांनी कपाटातून कोरी वही काढली, पहिल्या पानावर समास आखला आणि वर लिहिलं : 'मेल परस्पर उघडला जाण्याबाबत.'

आता हे सगळं सुरू कसं झालं, ते सांगायला हवं.

झालं होतं ते शॉर्टकटपायी. आधी रेकॉर्डसाहेब मेल पाहायचे ते इंटरनेटवर जाऊन, एका चिठ्ठीवर लिहिलेल्या अकरा पायऱ्या चढून. सातव्या पायरीवर फोन वाजला की पुन्हा पहिलीपासून. परगावी असलेल्या मुलीला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरमध्ये मेलचं ॲप असतंच की. आधीपासूनच असतं. त्याचा शॉर्टकट करून घ्या, एका फटक्यात उघडेल."

"आधीपासून म्हणजे?"

"म्हणजे कॉम्प्युटर घेतला तेव्हापासून."

"मी मागितलं नव्हतं, कोणी मला विचारलं नव्हतं, आणि हे तीन वर्षं माझ्या घरात बसून आहे?"

"बाबा, ते ॲप आहे. भाडेकरू नाही."

तरीही रेकॉर्डसाहेबांना ते खटकलंच. ॲप शोधून काढलं तेव्हा त्यांनी त्या निळ्या पाकिटाच्या चित्राकडे, विनापरवाना बसलेल्या फेरीवाल्याकडे बघावं तसं बघून घेतलं. पण अकरा पायऱ्यांचाही कंटाळा आलाच होता. शॉर्टकट करायचा ठरला, आणि ही बातमी जिन्यातून वर-खाली गेली.

समोरचे दातांचे डॉक्टर दवाखान्यात जाता जाता डोकावले. ते म्हणाले, पाकीट ओढून खालच्या पट्टीत पहिलं बसवा, मग खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि एकचा आकडा दाबा, की उघडलंच. "दुखणारसुद्धा नाही," ते सवयीनं म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामाच्या बाई म्हणाल्या, कशाला बटणं लक्षात ठेवताय, कॉम्प्युटर चालू झाला की मेल आपोआप उघडावा असं करता येतं, माझ्या जाऊबाईंकडे तसंच आहे. आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर तर सल्ला न देता थेट खुर्चीतच येऊन बसले. मॅनेजर आणि रेकॉर्डसाहेब रोज सकाळी बरोबर फिरायला जात, त्यामुळे त्यांना तेवढा अधिकार होता.

"शॉर्टकटलाच बटण द्यायचं," मॅनेजर म्हणाले. "कंट्रोल आणि ऑल्ट धरायचं, वर एक अक्षर दाबायचं. बोला, कोणतं अक्षर?"

रेकॉर्डसाहेबांनी पाच मिनिटं विचार केला. कायमस्वरूपी निर्णय होता. "एल," ते म्हणाले. "लेटरचा एल."

कुणाचं मन मोडायला नको म्हणून तिन्ही सल्ले अमलात आले. त्याचा परिणाम असा, की दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू करताच मेल उघडला. तो आपोआप उघडला हे न कळून त्यांनी डॉक्टरांची बटणं दाबली, आणि मग मॅनेजरांचीही. मेल खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला आणि शेवटी कॉम्प्युटर गोठला. मुलीनं फोनवरून एकेक करत दोन सल्ले काढून टाकले. उरला तो मॅनेजरांचा.

तो मात्र चालला, आणि रेकॉर्डसाहेबांना त्याचा नाद लागला. घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही त्यांनी हात पुसायला लावून समोर उभं केलं. "बघा हं. कंट्रोल, ऑल्ट, एल!" मेलची खिडकी टपकन उघडली. प्लंबर म्हणाला, "छान आहे. वॉशर बदलावा लागेल."

पंधरा दिवस सुखात गेले. आणि मग ती सकाळ उजाडली.

वहीत नोंदी वाढू लागल्या. 'सोमवार. सकाळी फेरफटक्यावरून परत. मेल उघडा. मंगळवार. तेच. बुधवार. दुपारी वाचनालयातून परत. मेल बंद, परंतु दोन पत्रं वाचलेली. खुर्ची गरम.' खुर्ची गरम असल्याची नोंद त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केली.

एका गोष्टीकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही. रोज ते बायकोला "कोणी आलं होतं का?" असंच विचारत, आणि ती रोज खरं तेच सांगे : "कोणी नाही."

शुक्रवारी त्यांनी संशयितांची यादी केली. पहिलं नाव मित्राचंच निघालं, पण रेकॉर्डपुढे दोस्ती नाही. शॉर्टकट कोणी लावला? मॅनेजरांनी. बटण कोणाला ठाऊक? मॅनेजरांना. आणि हल्ली फिरताना मध्येच "गुडघा दुखतो" म्हणून अर्ध्यातून घरी कोण परततं? रेकॉर्डसाहेबांनी पेन खाली ठेवलं. एवढी वर्षं ज्याच्या शेजारून चाललो, त्याचा गुडघा आपण कधी तपासला नव्हता!

मग त्यांनी सापळा लावला. स्वतःच स्वतःला एक मेल पाठवला, आपल्या नेहमीच्या कचेरीतल्या इंग्रजीत. मजकूर असा, की वरच्या मजल्यावरच्यांची गाडी लावायची जागा फेरवाटपात दुसऱ्याला जाण्याचा संभव आहे. मेल पेटीत ठेवला आणि ते वाचनालयात निघून गेले. परत आले तेव्हा तो मेल वाचलेला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरून पाहतात तो काय, मॅनेजर हातात टेप घेऊन आपल्या गाडीच्या जागेची लांबी मोजत होते.

"काय मोजताय?" रेकॉर्डसाहेबांनी शक्य तितक्या थंड आवाजात विचारलं.

"जागा."

"का?"

"का म्हणजे? माझी आहे."

"तुमचीच राहील असं वाटतं तुम्हाला?"

मॅनेजरांनी टेप सोडला. तो सर्रकन आत गेला. "म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझ्या मेलमध्ये वाचलंय."

पुढची दहा मिनिटं शिवणकामाच्या बाईंनी मशीन बंद ठेवून ऐकली. जावई मोठी गाडी घेऊन राहायला येणार म्हणून मॅनेजर जागा मोजत होते, हे त्यांनी आधी सांगितलं, मग ओरडून सांगितलं. रेकॉर्डसाहेब म्हणाले, जावयाचा पुरावा द्या. मॅनेजर म्हणाले, तीस वर्षं तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, आणि मी तुमच्या पेन्शन कार्यालयाची पत्रं चोरून वाचू? शेवटी ते म्हणाले, "लेखी माफी मागा. तोवर मी तुम्हाला ओळखत नाही." आणि जिना चढून गेले. चढताना गुडघा खरोखरच दुखत असावा, पण तेवढं पाहण्याच्या मनःस्थितीत रेकॉर्डसाहेब नव्हते.

त्या दिवसापासून ते एकटेच फिरायला जाऊ लागले. एकट्यानं चालताना रस्ता फार लांब आहे असं त्यांच्या लक्षात आलं. पण माघार घ्यायची तर गुन्हेगार सापडायला हवा. ते सायबर तक्रारींच्या कार्यालयात गेले.

तिथे खिडकीवरच्या कारकुनानं वही चाळली, बाजूला ठेवली आणि सांगितलं, "तक्रार ईमेलनं पाठवा."

"माझी तक्रारच ईमेलबद्दल आहे."

"म्हणूनच ईमेलनं. कागदावर आम्ही घेत नाही."

"पण माझा ईमेल कोणीतरी वाचतंय!"

"मग त्या ईमेलवरून पाठवू नका. नवीन उघडा."

रेकॉर्डसाहेबांनी घरी येऊन नवीन ईमेल उघडायला घेतला. शेवटच्या टप्प्यावर कॉम्प्युटरनं कळवलं, की खात्रीसाठी एक गुप्त आकडा तुमच्या जुन्या ईमेलवर पाठवला आहे. त्यांनी जुना ईमेल उघडला. गुप्त आकडा आलेला होता. त्यांनी दाराची कडी लावली, पडदा ओढला, मगच तो आकडा वाचला.

तक्रार गेली. आता महिनोन्‌महिने काही होणार नाही, अशी त्यांची अनुभवी समजूत होती. पण चौथ्याच दिवशी कार्यालयातून फोन आला, की निरीक्षक बाई उद्या सकाळी अकरा वाजता घरी येतील. एवढी तत्परता पाहून रेकॉर्डसाहेबांची छाती आधी फुगली, आणि मग लगेच शंका आली. एवढी तत्परता कशाला?

निरीक्षक बाई बरोबर अकराला आल्या. साधारण पन्नाशीच्या, खांद्याला जड पिशवी. त्यांनी संशयित म्हणून मॅनेजरांनाही बोलावून घेतलं. मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बायकोनं सगळ्यांना चहा दिला आणि ती दाराशी उभी राहिली. तिचा चेहरा जरा उतरला होता.

"जबाब इथंच टाइप करून घेऊ," निरीक्षक बाई कॉम्प्युटरसमोर बसत म्हणाल्या. "तुमची तक्रार इंग्रजीत आहे. आम्हाला मराठीत लागते. यावर मराठी आहे का?"

"मुलीनं टाकून ठेवलंय," रेकॉर्डसाहेब म्हणाले. "मी वापरत नाही. माझं सगळं इंग्रजीत."

बाईंनी कोरं पान उघडलं आणि मोठ्यानं म्हणत टाइप करू लागल्या, "तक्रारदार दररोज सका..."

टपकन मेलची खिडकी उघडली.

"बघा!" रेकॉर्डसाहेब ओरडले. "तुमच्या डोळ्यांदेखत!"

बाईंनी खिडकी बंद केली. "दररोज सका..." पुन्हा मेल. बाईंनी ओठ आवळले, 'सकाळी' सोडून दिलं आणि पुढे गेल्या. "फिरून परत येण्याच्या वे..." पुन्हा मेल. खिडकी उघडताच सर्वांत वरचं पत्र आपोआप उघडलं, आणि ठळक होतं ते बारीक झालं.

रेकॉर्डसाहेबांनी आधी छताकडे पाहिलं, म्हणजे मॅनेजरांच्या घराच्या दिशेनं. पण मॅनेजर तर समोरच बसले होते, दोन्ही हात मांडीवर.

निरीक्षक बाई काही क्षण बटणांकडे बघत राहिल्या. "साहेब, या मराठीत साधा एल दाबला की ल येतो. आणि ळ हवा असेल तर कंट्रोल आणि ऑल्ट धरून एल दाबायचा. मीही ऑफिसात हेच वापरते. तुम्ही मेलला कोणतं बटण दिलंय?"

रेकॉर्डसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"लेटरचा एल," मॅनेजर भिंतीला उद्देशून म्हणाले. "मी म्हटलं होतं, कोणतंही घ्या."

"म्हणजे इथं बसून कोणीही ळ लिहायला गेलं, की ळ उमटायच्या ऐवजी मेल उघडतो," बाई म्हणाल्या. "चोर नाही हा. या घरात मराठी कोण लिहितं?"

रेकॉर्डसाहेब "कोणीच नाही" म्हणायला तोंड उघडणार, तोच दारातून आवाज आला.

"मी."

बायको पदराला हात पुसत पुढे आली. "हे बाहेर गेले की लिहिते. आधी छान ळ यायचा. मग एकदम येईनासा झाला, आणि हे पाकीट उघडायला लागलं. सुरुवातीला मी ते लगेच मिटवत होते, मग कंटाळा आला. मला वाटलं, मशीनचा ळ बिघडला. कोणाला सांगणार? मग त्याच्या जागी ल लिहायला लागले. बोटांच्या सवयीनं मात्र ळ दाबला जायचाच."

"तू?" रेकॉर्डसाहेबांच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला. "मी रोज तुला विचारत होतो!"

"तुम्ही विचारत होतात, कोणी आलं होतं का. कोणी आलं नव्हतं. तू बसली होतीस का, असं एकदा तरी विचारलंत?"

रेकॉर्डसाहेबांनी सात संशयितांची यादी मनातल्या मनात चाळली. सातवं नाव दूधवाल्याचं होतं. बायको त्यात नव्हती. ती लिहीत असेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. कपाटाला कोणी संशयित धरतं का?

"पण लिहितेस काय? आणि कोणाला?"

निरीक्षक बाईंनी खुर्ची वळवली. "ते मी सांगते. मी स्वतः आले ती नुसत्या तुमच्या तक्रारीसाठी नाही. याच पत्त्याबद्दल आमच्याकडे आणखी एक तक्रार आहे. तक्रारदार खाली गाडीत बसलेत." त्यांनी फोन केला.

जिन्यावर सावकाश पावलं वाजली. दारात एक पंचावन्न-साठीचे गृहस्थ उभे राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, बगलेत कागदांची चळत. रेकॉर्डसाहेब ताडकन उभे राहिले आणि उभे राहिल्यावर पुढे काय करायचं ते न सुचून तसेच राहिले. तो त्यांचा मेहुणा होता. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत त्यानं कोणाला तरी "आमचे भावोजी कचेरीत कारकून आहेत" असं सांगितलं होतं. रेकॉर्डकीपर आणि कारकून यांतला फरक रेकॉर्डसाहेबांनी त्याला तिथंच समजावून दिला, आवाज चढला, आणि तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघालं नव्हतं.

"ताई, तू बरी आहेस ना?" मेहुण्यानं आत येत विचारलं.

"मला काय झालंय, बाळ?"

"बाळ कोण?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

"मी," साठीच्या उंबरठ्यावरचे ते गृहस्थ म्हणाले. "बघा, बाळच म्हणाली! आणि पत्रात काय आहे बघा." त्यानं चळतीतला एक कागद काढला. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्याला बारीक अक्षर वाचवत नसे. म्हणून ताई कॉम्प्युटरवर बोटभर अक्षरात लिहायची, कोपऱ्यावरच्या दुकानात छापून आणायची आणि पोस्टात टाकायची. मेहुण्यानं कागद हातभर लांब धरून वाचायला सुरुवात केली. "'प्रिय बाल, तुझे डोले कसे आहेत? सकाली औषध वेलेवर घेतोस ना? वेल मिलाला की कलव.' सांगा, माझी ताई असं लिहील? दोन वर्षं तिची पत्रं शुद्ध येत होती. महिन्यापासून ही अशी. मला वाटलं, ताईला काहीतरी झालंय, आणि..." तो अडखळला.

"आणि काय?" रेकॉर्डसाहेबांनी विचारलं.

"आणि तुम्ही तिच्या नावानं लिहिताय."

"मी? मी असा ळ चुकवीन?"

"तुम्ही इंग्रजीवाले. मला वाटलं, चुकवाल."

"वा! म्हणजे मी बायकोच्या नावानं तुझ्या डोळ्यांची चौकशी करीन?"

"त्याचाच तर मला संशय आला," मेहुणा म्हणाला.

यावर मॅनेजर एवढ्या मोठ्यानं हसले, की भिंतीकडे तोंड ठेवणं त्यांना अशक्य झालं. शिवणकामाच्या बाईंचं मशीन खाली एकदम सुरू झालं. म्हणजे इतका वेळ ते बंद होतं.

हसली नाही ती एकटी बायको. ती या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "एकानं वही उघडली, सापळे लावले, शेजाऱ्याशी भांडण केलं आणि सरकारात गेला. दुसरा आजारी डोळ्यांनी सहा तास प्रवास करून सरकारात गेला. एकाला तरी वाटलं का, हिलाच विचारावं?"

रेकॉर्डसाहेबांना निवृत्तीनंतर प्रथमच वाटलं, की हातात एखादी फाईल असती तर बरं झालं असतं. तोंडासमोर धरता आली असती. ते वळून मॅनेजरांकडे गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "लेखी देतो. आजच देतो."

"राहू द्या हो," मॅनेजर म्हणाले. "उद्या साडेसहाला खाली या. आणि हळू चालायचं. गुडघा खरा आहे."

मग त्यांनीच कॉम्प्युटरसमोर वाकून मेलचं बटण काढून टाकलं. निरीक्षक बाईंनी ळ दाबून पाहिला. ठसठशीत उमटला. 'सकाळी' पूर्ण झालं.

"आता दोन्ही तक्रारी मागे घेतल्याचं लिहायचं," निरीक्षक बाई उठत म्हणाल्या. "सकाळपासून माझी बोटं भरून आलीत. ताई, तुमचा हात बसलेला दिसतोय. काय घडलं ते तुम्हीच लिहा, मी सही करते."

बायको खुर्चीत बसली. बसण्याची पद्धत सवयीची होती. पाठ ताठ, चष्मा किंचित खाली. नवरा आणि भाऊ दोन्ही बाजूंनी वाकले. तिनं बटणांवरून हात उचलले.

"तुम्ही दोघं आत जा. खांद्यावरून कोणी बघायला लागलं की मला सुचत नाही."

दोघं स्वयंपाकघरात गेले. तिथं दोनच स्टुलं होती, त्यामुळे जवळ बसावं लागलं. बाहेर बटणं वाजू लागली, पावसाच्या सरीसारखी एकसारखी नव्हे, तर विचार करून, थांबून, मग एकदम भराभर.

"चहा घेणार?" रेकॉर्डसाहेबांनी विचारलं.

"घेईन. साखर कुठं असते?"

रेकॉर्डसाहेबांनी चार डबे उघडून पाहिले. चौथ्यात मीठ निघालं. मेहुण्यानं काळा चष्मा वर करून पाचवा डबा काढला आणि त्यात साखर होती.

"दोन ओळींचं तर काम आहे," रेकॉर्डसाहेब बाहेरचा कानोसा घेत म्हणाले. "एवढं काय लिहितेय?"

"ताई दोन ओळींत थांबत नाही. मला चार-चार पानं यायची."

"चार पानं? एवढं काय असायचं त्यात?" मग डब्याचं झाकण लावत, "माझ्याबद्दल काही?"

मेहुण्यानं कपात पाहिलं. कपात अजून चहा नव्हता. "अक्षर मोठं असायचं ना, भावोजी, म्हणून चार पानं व्हायची."

"मी अक्षराचं विचारलं नाही."

"मला कळलं."

बाहेर निरीक्षक बाई खुदकन हसल्या. मॅनेजर काहीतरी म्हणाले आणि तेही हसले. दोघांनी गॅस बारीक केला आणि दाराच्या दिशेनं स्टुलं सरकवली. बटणं आणखी जोरात वाजली आणि एकाएकी थांबली.

"अहो," बाहेरून बायकोचा आवाज आला. शुद्धलेखनात तिला आजवर कोणालाही काही विचारावं लागलं नव्हतं. "'संशयी'ला साधा श, की पोटफोड्या?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"साधा!" नवरा आणि भाऊ एकदम म्हणाले.